डावा

डावा बोलतो तो चढावर. सपाटीला तो गप्प असतो आणि उताराला तर त्याला कामच नसतं. पण मरोळ-मरोशी रस्त्याने आरेच्या दिशेला निघालं, रस्त्याने जरा मान वर केली, आपणही सीटवरून किंचित उठून अंगाचा भार पायडलवर टाकला, की खालून ऐकू येतं, टक्. एकदाच. पाय एक पुरी फेरी मारून त्याच जागी येतो आणि पुन्हा, टक्.

सायकलमध्ये बोलणारे पुष्कळ. चेन कोरडी पडली की अखंड कुरकुरते. चाकाला आऊट आला की ब्रेकचं रबर चाकाच्या फेरीगणिक चुकचुकतं. मडगार्ड खड्ड्यागणिक बोलतं, म्हणजे मुंबईच्या पावसाळ्यात त्याला श्वास घ्यायलाही फुरसत नसते. या गलबल्यात डाव्याचा आवाज ओळखायची खूण एकच. तो पायाच्या फेरीशी बांधलेला असतो. चाक कितीही जोरात फिरत असो, तुम्ही पाय थांबवलात की तोही थांबतो. आणि तो फार मोठ्याने बोलत नाही. कानापेक्षा तळपायाला आधी कळतं. पायाखालचं काहीतरी केसभर सरकलं आणि पुन्हा जागेवर आलं, एवढंच.

डावा म्हणजे सायकलचा डावा क्रँक. एका टोकाला पायडल, दुसऱ्या टोकाला सायकलच्या पोटातून आरपार गेलेला आस, आणि मधे हा वीतभर दांडा. त्याच्यात बघण्यासारखं काही नाही. सायकल विकत घेताना माणसं घंटी वाजवून बघतात, सीट दाबून बघतात, ब्रेक चेपून बघतात. क्रँक हातात धरून हलवून बघणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

उजव्याचं तसं नाही. उजवाही क्रँकच, पण त्याच्या अंगावर दातेरी चक्र असतं, चक्रावर चेन असते, चेनवर कव्हर असतं आणि कव्हरवर कंपनीचं नाव असतं. सगळा मानमरातब त्याच्याकडे. तेल घालायचं ते त्याच्या बाजूला, पँट अडकायची ती त्याच्या बाजूला, खाली बसून माणूस बघतो तेही त्याच्याच बाजूने. डावा नुसता उघडा दांडा. त्याने मारलेलं प्रत्येक पायडल आसातून आरपार जातं आणि उजव्याच्या खात्यावर जमा होतं. धाकट्याने मुंबईहून महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर करावी आणि गावचं घर थोरल्याच्या नावाने ओळखलं जावं, तसा प्रकार. दसऱ्याला सायकल धुऊन हँडलला झेंडूचा हार घालतात, चेनकव्हरवर कुंकवाचं बोट टेकवतात. डाव्याला कुणी कुंकू लावल्याचं मला आठवत नाही.

आणि तरी सर्वांत वाईट मार त्यालाच. आपल्याकडे सायकलवर बसायची जी रीत आहे, ती डाव्याच्या जिवावर उठलेली आहे. हँडल धरायचं, डावा पाय पायडलवर ठेवायचा, उजव्या पायाने जमिनीवर दोन-तीन उड्या मारायच्या आणि मग टांग टाकायची. त्या दोन-तीन उड्यांत अख्खा माणूस एकट्या डाव्यावर उभा असतो, तोही सरळ नाही, बाजूला कलून. उतरतानाही तेच. उजवा पाय आधीच मागून काढून घ्यायचा आणि डाव्यावर उभ्यानेच दुकानापर्यंत यायचं. नाक्यावर ओळखीचं कुणी दिसलं तर असं उभ्याने येणं जरा ऐटीचंही असतं. शिवाय एका पायाचं स्टँड डावीकडे, त्यामुळे वाऱ्याने किंवा म्हशीने सायकल पाडली तर ती बहुधा डाव्या अंगावर. इंजिनिअर लोक डावा क्रँक ढिला होण्याची वेगळी कारणं देतात, ती खरीही असतील. पण ज्यांनी ती शोधली त्यांच्यापैकी कुणी आपल्यासारखी टांग मारत असेल, असं मला वाटत नाही.

आमच्या घरातला पहिला डावा बाबांच्या सायकलचा. काळी, चोवीस इंची फ्रेमची, दांड्याची सायकल. पुढचा बिल्ला केव्हाच पडून गेला होता, त्यामुळे ती नक्की कुठल्या कंपनीची यावर घरात एकमत नव्हतं. बाबा मरोळ एमआयडीसीतल्या एका गाळ्यात लेथवर होते. तेव्हा मरोळ नाक्यावर मेट्रोचे खांब नव्हते आणि सकाळी सातच्या पाळीला अंधेरी-कुर्ला रस्त्यावरून सायकलींची रांग जायची. त्या सायकलींच्या हँडलला जेवणाचे डबे लटकलेले असायचे आणि बहुतेकींचे डावे टक् टक् करत असायचे. गाळ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या सायकलींतून बाबा आपली सायकल संध्याकाळी अंधारात हातानेच ओळखायचे, सीटच्या फाटक्या कोपऱ्यावरून. पण आई बाबांना ओळखायची ती आवाजावरून. चाळीच्या वळणावर टक् ऐकू आलं की ती चहाचं आधण ठेवायची.

तो डावा पोलादी होता, जाडजूड आणि हट्टी. आसावर तो नुसता अडकवलेला नसे. त्याच्या डोक्यातून आडवी एक खुंटी ठोकलेली असे. करंगळीएवढी, साडेनऊ मिलिमीटर जाडीची, एका अंगाने तिरकी घासलेली, टोकाला आटे आणि त्यावर छोटासा नट. तिला कॉटर म्हणतात. तिचं तिरकं अंग आसाच्या सपाट खाचेवर चढतं आणि डावा आसाला जखडून टाकतं. आपल्याकडे पाचर मारली म्हणजे दोघांत फूट पाडली, असा अर्थ होतो. सायकलमध्ये पाचर मारली की दोघं एक होतात. नट नुसता राखणीला असतो. कॉटर ढिली झाली की पोरं नट आवळायला धावतात, आणि बाबा हमखास चिडायचे. "अरे, टेपर आहे तो. टेपर ठोकून बसतो, आवळून नाही."

हे त्यांना लेथने शिकवलं होतं. लेथच्या मागच्या टोकाला जो अणकुचीदार सेंटर बसवतात, त्याला ना बोल्ट, ना स्क्रू. निमुळता दांडा निमुळत्या भोकात हाताने खस्सकन सारायचा, बस्स. घासणीवर धरून राहतो आणि वजनदार जॉब पेलतो. मात्र त्या भोकात लोखंडाचा एक कीस राहिला, तर सेंटर डुगडुगतो आणि दिवसभराचं काम वाया जातं. नीट बसलेला टेपर आणि आवळून धरलेला टेपर यांत बाबांच्या लेखी तेवढाच फरक होता, जेवढा पोट भरण्यात आणि पोट आवळण्यात. माणसांबद्दल ते असलं काही बोलत नसत. लोखंडाबद्दल बोलायचे.

कॉटरचा आणखी एक स्वभाव. डाव्याची आणि उजव्याची कॉटर एकमेकींच्या उलट दिशेने घालाव्या लागतात. घाईत एखाद्याने दोन्ही एकाच बाजूने ठोकल्या, तर दोन्ही पायडलं एका रेषेत राहत नाहीत. एक जरा पुढे, एक जरा मागे. सायकल चालते, पण लंगडत चालते, आणि चालवणाऱ्याला दिवसभर वाटत राहतं की आपलाच एक पाय आखूड झालाय.

मरोळ पाइपलाइनपाशी एक सायकलवाले चाचा बसत. त्यांचं दुकान म्हणजे झाडाला टांगलेल्या ट्यूबा, पंप, पाण्याचं घमेलं आणि रॉकेलच्या डब्यात भिजत पडलेले छर्रे. पंक्चर, हवा, आऊट काढणे आणि वर्षाकाठी एकदा 'ओव्हराइलिंग', एवढी त्यांची विद्या. ओव्हरहॉलिंगचं ओव्हराइलिंग कुणी केलं कोण जाणे, पण ऑइल त्यात असतंच, त्यामुळे शब्द चुकला असं म्हणवत नाही. कॉटर काढताना मात्र चाचा वेगळेच होत. इतर वेळी हात आणि तोंड दोन्ही चालू असे, तेव्हा ते गप्प होत. नट सोडवत आट्यांच्या टोकाशी आणून ठेवायचे, म्हणजे घाव आट्यांवर पडू नये. डाव्याच्या खाली एका पाइपाचा तुकडा टेकू म्हणून उभा करायचे. मग हातोडा उचलून एकदाच मारायचे. एकच घाव. भीत भीत ठोकलं तर कॉटरचं डोकं पसरतं, भोकात फुगून बसतं, आणि मग छिन्नी, ड्रिल, शिव्या असा लांबचा प्रवास सुरू होतो. चाचांचा घाव बसला की कॉटर आत सरकल्याचा खोल आवाज यायचा आणि डावा सैल पडून खाली लोंबायचा. नवी कॉटर ते तशीच कधी घालत नसत. कानशीने तिचं तिरकं अंग दोन-चार हात घासत, घालून बघत, पुन्हा घासत. दोन चहांच्या पैशांत हे सगळं होई, आणि पुढचे आठ-दहा महिने आईला चहाचं आधण घड्याळ बघून ठेवावं लागे.

मुंबईनेही एकेकाळी क्रँक घडवले आहेत, हे आता सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता, आणि त्या सायकली देशभर जात. १९८० साली सरकारने कायदा करून ही कंपनी आणि आसनसोलची सेन-रॅले अशा दोन्ही एकदमच ताब्यात घेतल्या. पुढे दोन्हींची चाकं थांबली. वरळीत आता काचेचे मनोरे आहेत. लुधियानाहून सुटे भाग येतात आणि मरोळच्या नाक्यावर लागतात.

डाव्याचं घराणं मात्र सायकलीपेक्षा फार जुनं आहे. संगमेश्वरकडच्या आमच्या घरी जातं होतं. वरच्या दगडाच्या कडेला एक भोक, भोकात लाकडी खुंटा. मध्यापासून दूर धरून ढकललं की दगड फिरतो. क्रँकही याहून वेगळं काही करत नाही. हाताच्या जागी पाय आले, दगडाच्या जागी चाक आलं. आणि दुखणंही तेच. खुंटा भोकात सैल झाला की दळताना टकटक वाजायचा. आजी ओव्या म्हणत असली तरी तिचा कान तिकडे असे. दळण थांबवून ती खुंटा उपसायची, त्याला चिंधी गुंडाळायची आणि वरवंट्याने ठोकून बसवायची. चार दळणं निघायची. मग चिंधी चुरगळायची आणि पुन्हा टकटक. शेवटी आजोबा नवा खुंटा तासायचे, आणि दर वेळी म्हणायचे की हे आधीच करायला हवं होतं.

आता जरा हिशेब. बाबांच्या सायकलला पुढे ४४ दाते होते आणि मागे १८. अठ्ठावीस इंची चाक. म्हणजे पायाच्या एका फेरीला सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते आणि किलोमीटरला १८० च्या वर फेऱ्या होतात. बाबांची जाऊन-येऊन सहा किलोमीटरची वाट धरली, तर रोज अकराशे. वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर तीन लाखांच्या वर. प्रत्येक फेरीत डाव्यावर एकदा भार येतो आणि एकदा जातो. भार तरी किती? क्रँक सतरा सेंटिमीटरचा, आणि कॉटर आसाच्या मध्यापासून जेमतेम आठ मिलिमीटरवर. तरफेच्या हिशेबाने वीसपट. सत्तर किलोचा माणूस पायडलवर उभा राहिला की त्या करंगळीएवढ्या खुंटीवर चौदाशे किलोच्या आसपास दाब येतो. हा झाला रिकामा माणूस. आता हँडलला आणि कॅरिअरला तीस-चाळीस डबे लावून सिग्नलवरून सुटणारा डबेवाला डोळ्यांपुढे आणा. किंवा दोन बाजूंना दोन भरलेली सिलिंडरं टांगून मिलिटरी रोडला निघालेला गॅसवाला. एका भरलेल्या सिलिंडरचं वजन तीस किलोच्या घरात. ते लोक चढावर खाली उतरून सायकल ढकलतात, ते दमले म्हणून नव्हे. त्यांना डाव्याचा स्वभाव ठाऊक असतो.

माझ्या सायकलचा डावा या घराण्यातला शिकलेला मुलगा. अल्युमिनियमचा, हलका, काळ्या रंगाचा. त्याला कॉटर नाही. आसाचं टोक चौकोनी, बाहेरच्या बाजूला अगदी दोन अंशांनी निमुळतं, आणि डाव्याच्या डोक्यात तसंच चौकोनी भोक. टोकावर चढवायचा आणि बोल्टने आत दाबत न्यायचा. फ्रान्समधल्या स्ट्राँगलाइटने १९३३ साली ही रीत आणली. हातोडा गेला, पाना आला. पण आतलं तत्त्व बाबांच्या लेथचंच. धरून ठेवतो तो टेपर. बोल्ट त्याला जागेवर नेऊन पोचवतो आणि मग दारात बसतो.

फरक पडला तो दोन धातूंच्या लग्नाने. आस कठीण पोलादाचा, डावा मऊ अल्युमिनियमचा. घट्ट बसलेले असेपर्यंत दोघं गुण्यागोविंदाने राहतात. पण बोल्ट केसभर सैल झाला, की प्रत्येक पायडलला पोलादाचे चार कोपरे अल्युमिनियमच्या चार भिंतींना ढुश्या देतात. पोलादाला काही होत नाही. भिंती दबत जातात. बाबांच्या काळी झिजायची ती दोन चहांची कॉटर. आता झिजतो तो डावा स्वतः. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

त्याचा विक्षिप्तपणा मला कळला तो बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. टक् आवाज पायडलचा असेल असं समजून मी पायडल काढायला बसलो. पंधराचा पाना लावला आणि नेहमीप्रमाणे डावीकडे फिरवला. हलेना. पान्यावर उभा राहिलो. वॉचमन येऊन बघायला लागला. घाम फुटेपर्यंत जोर केला आणि मग लक्षात आलं की मी ते सोडवत नव्हतो, आवळत होतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. पायाचा दाब फिरत्या पायडलच्या आसावर गोल सरकत राहतो आणि त्याला कणाकणाने गडगडवत नेतो. आटे सुलटे असते तर डावं पायडल चालता चालता आपोआप सुटून पडलं असतं. विमानवाले राइट बंधू आधी सायकलींचे दुकानदार होते, आणि १९०० साली त्यांनीही न सुटणारं पायडल म्हणून हाच माल विकायला काढला होता. हे सगळं ठीक. पण याच डाव्याचा स्वतःचा बोल्ट मात्र सुलट आट्यांचा. एकाच दांड्याच्या एका टोकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा. वॉचमन म्हणाला, "साहेब, बाजूच्याला विचारा ना." बाजूच्याकडे मोटार होती.

त्यानंतर तीन आठवडे मी जे केलं ते कबूल करण्यासारखं नाही, पण केलं. बोल्ट आवळला. दोन दिवस गप्प. पुन्हा टक्. पुन्हा आवळला, या वेळी जोरात. एक दिवस गप्प. मग थंड पेयाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून पट्टी केली, आसाभोवती गुंडाळली आणि त्यावर डावा चढवला. आजीची चिंधी, दुसरं काय. ती पट्टी आरेच्या एका फेरीत भुगा होऊन बाहेर आली. या सबंध काळात डावा काही लपवत नव्हता. टक् चं टकटक झालं, मग खाडकन झालं, मग पाय खाली जाताना घसरल्यासारखा व्हायला लागला. मी त्याला रविवारची तारीख देत राहिलो.

एका बुधवारी सकाळी मरोळ नाक्याच्या सिग्नलवर हिरवा दिवा लागला. मागे बेस्टची बस होती. मी सवयीने डाव्यावर उभा राहिलो आणि डावा निघून गेला. बोल्ट वाटेत कुठेतरी आधीच पडला असणार. पाय जमिनीवर, दांडा मांडीला, आणि डावा पायडलसकट रस्त्यावर तीन वाव पुढे जाऊन गोल गोल फिरत होता. बसवाल्याने हॉर्न वाजवला नाही, थांबला. याबद्दल त्याचे आभार. सुक्या मासळीची पाटी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या एका मावशींनी तो उचलला आणि माझ्या हातात देताना म्हणाल्या, "पाय पडला तुमचा."

एका हातात हँडल, एका हातात डावा, असा मी चालत पाइपलाइनपाशी गेलो. जुने चाचा आता नाहीत. त्यांच्या जागी त्यांचा पुतण्या बसतो, त्यालाही सगळे चाचाच म्हणतात. रीतसर डावा उतरवायचा तर पुलर लागतो. तो डाव्याच्या डोक्यातल्या आट्यांत पुरा आतपर्यंत फिरवायचा, अर्ध्यात ठेवून जोर केला तर आटे उपटून येतात. वायसर आधी काढायला विसरायचं नाही. हे सगळं चाचांनी मला समजावून सांगितलं आणि मग माझ्या हाताकडे बघून हसले. आमचा डावा पुलरची वाट न बघता स्वतःच उतरून आला होता.

त्यांनी तो फडक्याने पुसला, उजेडात धरला आणि म्हणाले, "उंगली डालके देखो." मी बोट घातलं. चार कोपरे असायला हवे होते तिथे बोट गुळगुळीत फिरलं. "चौकोन था, गोल हो गया. अब ये नहीं टिकेगा." मग त्यांनी आस तपासला. चारही कडा तीक्ष्ण, जशाच्या तशा. पोलादाला खरंच काही झालेलं नव्हतं.

नवा डावा एकटा मिळणं सोपं नसतं. दुकानदार जोडी घ्यायला सांगतात. चाचांनी पत्र्याच्या डब्यात हात घालून ढवळाढवळ केली आणि तीन डावे बाहेर काढले, तिघं तीन घरचे. पाठीवर लांबीचा आकडा कोरलेला असतो, तो आधी बघायचा. उजवा १७० चा आणि डावा १६५ चा लावला तर पुन्हा लंगडणं आलं. एक तिथेच बाद झाला. दुसरा चढवला तो सरळ आत जाऊन आसाच्या टोकाशी बरोबर झाला. मला तो छान बसलेला वाटला. चाचांनी मान हलवली. टोक आणि बोल्टची बैठक यांच्यात थोडी फट राहायलाच हवी. नाहीतर बोल्ट आसावर आवळला जातो आणि डावा तसाच मोकळा राहतो. तिसरा अर्ध्यात अडला, बोल्टने कुरकुरत थोडा आत गेला आणि थांबला. थांबलेला दिसतच होता. चढवण्याआधी आसाला ग्रीस लावायचं की कोरडं ठेवायचं, यावर सायकलवाल्यांत दोन तट आहेत आणि दोन्ही तटांतली माणसं चांगली आहेत. चाचांनी बोटभर लावलं. लांब पाइप घातलेल्या पान्याने बोल्ट आवळला. मग पायडलं आडवी ठेवून दोन्हींवर उभं राहायला लावलं. पाय उलटे करून पुन्हा उभं राहायला लावलं. काही हललं नाही.

नवा डावा चंदेरी आहे आणि उजवा काळाच. लांबून पायात दोन रंगांचे मोजे घातल्यासारखं दिसतं. मला ते बरं वाटलं. आता निदान डाव्याकडे लोकांचं लक्ष जातं. लिफ्टमधल्या शेजाऱ्यांनी गेल्या आठवड्यात विचारलंही, "हा असा का?"

जुना डावा घरी आणला होता. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत, सायकल सोडून त्यांना पुष्कळ वर्षं झाली. त्यांनी तो मांडीवर घेतला, भोकात अंगठा घातला आणि डोळे मिटून अंगठा फिरवला. "अर्धा मिलिमीटर गेलाय," ते म्हणाले. मग डावा उलटा करून पाठीवरचा आकडा वाचला, पुन्हा सुलटा केला. "पहिल्यांदा वाजला तेव्हा आवळला असतास, तर हाच राहिला असता. एकदा हलायला लागल्यावर मग नाही." आणि तो त्यांनी खिडकीत, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवला. पंखा लावला तरी कागद आता उडत नाहीत.

नवीन डावा बसवला की पन्नासेक किलोमीटरनंतर बोल्ट एकदा पुन्हा आवळून घ्यावा लागतो, हे चाचांनी निघताना दोनदा बजावलं होतं. आज सकाळी आरेतून परत आलो तेव्हा सेहेचाळीस झाले होते. चौदाचा पाना दाराशी काढून ठेवला आहे.